यमुनानं नारळावर हात ठेवला नाय

परवा सकाळी दात घासत होतो आणि नेऱ्याच्या रस्त्यानं भोंगा आला. 'मतदार बंधू आणि भगिनींनो' एवढंच कानावर पडलं नि तोंडातला फेस मी गिळून टाकला. बायको म्हणाली, "थुंका की! आतडी पण घासायचीत काय?" तिला काय सांगू. पोटात आधीच गोळा आला होता. दर इलेक्शनला येतो. जुलाबाचं औषध घेऊन बघितलं, जात नाय.

कुणाचा मोसम आंब्याचा असतो, कुणाचा मासळीचा. आमच्या गावाचा मोसम आमदारकीचा. भात कापून झालेलं असतं, खळ्यावर भारे आपटायचा आवाज असतो, पेंढ्याचा गोडसर वास अंगणभर पसरलेला असतो. ज्यांची शेती राहिली हाय ते वाल पेरायच्या घाईत असतात, जमिनीत ओल हाय तवर. मडक्यात शेंगा भाजायच्या पोपटीला अजून वेळ असतो, पण पोरं मडकी शोधायला लागलेली असतात. आणि या सगळ्याच्या मधून झेंडे लावलेल्या गाड्या धूळ उडवत जातात, ती धूळ पेंढ्यावर बसते, म्हशी तो पेंढा खातात. त्या महिन्यात दुधाला पण प्रचाराची चव येते.

या मोसमात मला लाज पण वाटते, कारण तो भोंगा एके काळी मीच होतो. माझी रिक्षा, माझा घसा. सकाळी एका निशाणीचा प्रचार, संध्याकाळी दुसऱ्या निशाणीचा. दुपारी घोरायचो, तेवढाच काय तो अपक्ष. गावात चांगा म्हणून मला कोण हाक मारत नाय, सगळे भोंग्या म्हणतात. शिक्षणाचं विचाराल तर शाळेत मी गेलोय, नाय असं नाय. दोनदा गेलो. दोन्ही वेळा भिंतींना चुना मारायला.

बापूस सांगायचा, त्याच्या तरुणपणी आमचा मतदारसंघ पार समुद्रापर्यंत जायचा. इकडं डोंगराखाली आमी भातवाले, तिकडं उरणचे मीठवाले, खाडीकाठचे कोळी, मधे पनवेलचा बाजार. सगळ्यांना मिळून एक आमदार. एकाच निशाणीचा माणूस पुन्हा पुन्हा जायचा. तो पायी यायचा, खांद्याला छत्री अडकवून. ओट्यावर बसायचा, पुढ्यात ठेवाल ती सुकट आणि तांदळाची भाकर खायचा, आणि गावातल्या म्हाताऱ्या त्याला तोंडावर बोलायच्या, "निवडून देऊन चूक केली रं तुला." तो हसायचा आणि अजून अर्धी भाकर मागायचा. बापूस म्हणायचा, "आमदार मंजे काय? ज्याला आपण समोर बसवून शिव्या देऊ शकतो तो." बापूस माझ्यासारखाच अडाणी, पण त्याच्याइतकं नेमकं मला भोंग्यातून पण कधी बोलता आलं नाय.

मंग कवातरी कुणीतरी नकाशावर रेघ मारली. उरण वेगळं झालं, आमी वेगळे झालो. माझी सासुरवाडी तिकडच्या बाजूला. मंजे रातोरात माझा सासरा दुसऱ्या आमदाराचा माणूस झाला. बायको रुसली की म्हणायची, "जाते मी माझ्या आमदाराकडं." मला वाटलं, बरं झालं, निदान सासऱ्याच्या गावातल्या गटारीवरून तरी आता माझ्याशी कोण भांडणार नाय. पण रेघ तिथंच थांबली नाय. समुद्र गेला आणि त्याच्या जागी इमारती आल्या. खारघर, कामोठे, कळंबोली. पावसाळ्यात कुत्र्याची छत्री उगवावी तशा रात्रीत उगवायच्या. त्या माणसांची पण मतं, त्यांना पण आमदार पाहिजे. चुकीचं काय त्यात? पण पूर्वी आमच्या गावातला शेठ 'हो' म्हणाला की उमेदवार निवांत झोपायचा. नंतर त्याला झोप लागायची ती लिफ्टवाल्या इमारतींच्या भरवशावर.

आणि तवापासून गाव घाबरलं. भीती दिसायची नाय, पण असायची. पूर्वी बैठकीत हसणं-खिदळणं असायचं, माझी चेष्टा व्हायची. आता माणसं घसा खाकरून बोलायला लागली.

ज्या मोसमाचं मी सांगतोय तो त्यानंतरचा. साल विचारू नका, मला साल पिंकीच्या हळदीवरून आठवतं.

पिंकी माझी भाची. माझी धाकटी बहीण यमुना, तिची एकुलती पोरगी. यमुनाचा नवरा लवकर गेला. पोरगी कडेवर घेऊन ती माहेरी आली आणि माझ्या समोरच्या खोलीत वेगळी चूल मांडून राहिली. माझ्या घरात राहा म्हटलं तर म्हणाली, "दादा, तुझ्याकडं बडबडच एवढी हाय की आमाला जागा कुठं?" पहाटे टोपली घेऊन पनवेलच्या बाजारात भाजी विकायची, दुपारी यायची. असं करत पोरगी मोठी केली. पिंकीचं लग्न ठरलं ते उरणकडच्या मुलाशी. पोरगा न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कामाला. तारीख पडली निकालानंतरच्या आठवड्यात. पडली तवा वाटलं, बरं झालं, इलेक्शनचा धुरळा बसलेला असेल.

त्या वेळी आमच्या गावचा जावई उमेदवार होता. काशिनाथशेठचा जावई. काशिनाथशेठ मंजे आमच्या गावकीचा मोठा माणूस. नव्या शहराला जमीन गेली तवा त्याची जास्त गेली, पैसा आला तवा त्याला जास्त आला. पण माणूस वाईट नाय. कुणाच्या मयताला पहिला खांदा त्याचा. त्याची पोरगी सुगंधा त्या उमेदवाराला दिलेली. मंजे गावाचा जावई आमदार व्हायची वेळ आलेली.

शेठनं मारुतीच्या देवळात बैठक बोलावली. पाटावर नारळ ठेवला, त्यावर गुलाल. शेठ म्हणाला, "गावठाणातली घरं आपल्या नावावर व्हायचीत का नाय? पाणी पाहिजे का नाय? एका-एका इमारतीत आपल्या गावाएवढी माणसं राहतात. आपण काडी-काडी वेगळे राहिलो तर वाऱ्यावर उडून जाऊ. भारा बांधला पाहिजे. घरटी एकानं यायचं, नारळावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, गावाबरोबर."

खरं सांगतो, मला पटलं होतं. मला काहीपण पटतं, ही माझी खोड हाय. पण यात चूक नव्हती. आमी खरंच थोडे झालो होतो.

माणसं उठत गेली. हात ठेवायचे, 'गावाबरोबर' म्हणायचे, गुलाल लागलेली बोटं धोतराला नाय तर पँटीला पुसून बसायचे. माझी पाळी आली तवा भक्तीच्या भरात मी दोन्ही हात ठेवले. शेठ म्हणाला, "एकच ठेव भोंग्या, तुझं मत एकच हाय." देऊळ हसलं. ते शेवटचं हसणं.

यमुनाची चूल वेगळी, मंजे गावकीच्या हिशोबात ती एक घर. ती उठली. पदर घेतला, देवाला नमस्कार केला. नारळाकडं बघितलं आणि म्हणाली, "शेठ, मी हात ठेवणार नाय."

"का गं? दुसऱ्याला द्यायचंय?"

"कुणाला द्यायचं ते ठरवलं नाय. ठरवीन तवा पण सांगणार नाय."

"यमुना, गावाचं काम हाय."

"गावाच्या कामाला कवा नाय म्हटलं? तळ्याचा गाळ काढायला आले होते, देवळाची माती वाहिली. पण मत माझं हाय. माझ्या नवऱ्यानं कधी विचारलं नाय कुणाला दिलंस. तुमी कशाला विचारता?"

मी खाली मान घालून माझ्या बोटांवरचा गुलाल बघत बसलो. भाऊ म्हणून उठून काहीतरी बोलायला पाहिजे होतं. दोन्ही हात नारळावर ठेवणारा मी, तोंड मात्र एकच, आणि ते पण बंद.

शेठ ओरडला नाय. नुसता म्हणाला, "बघू."

हा 'बघू' आमच्याकडं लय जड. पूर्वी सरळ वाळीत टाकायचे. पाणी बंद, बोलणं बंद, मयताला खांदा बंद. आता कायदा हाय, त्यामुळं तो शब्द कोण तोंडातून काढत नाय. नुसतं 'बघू' म्हणतात. मंग कुणी काय ठरवत नाय, कुणी कुणाला सांगत नाय, आणि सगळं आपोआप होतं. कायद्याला पकडायला हात लागत नाय, पण माणसाला गळ्याशी लागतो.

दुसऱ्या दिवशी शेठनं मला बोलावलं. "तुझी बहीण हाय. तुझ्या तोंडाला मतदारसंघ फिरवायची ताकद हाय म्हणतात. एक बाई फिरव." मी छाती फुगवून गेलो. यमुना चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. मी म्हटलं, "यमुने, नुसता हात ठेव गं. आत जाऊन कुठलं पण बटण दाब. पेटीत कोण बघतंय?"

तिनं भाकर उलटली. "मंग नारळाला खोटं बोलू?"

"नारळाला कुठं कान असतात?"

"तुला पण नसावेत. म्हणून भोंगा लावून बोलतोस."

"अगं, पण कदाचित तू जावयालाच देशील. देशील ना? मंग हात ठेवायला काय जातं?"

"देईन पण. त्याला देईन का नाय ते मी बाजारात टोपली खाली ठेवून, माणसं काय बोलतात ते ऐकून ठरवीन. पण आधी हात ठेवला तर मंग मी ठरवलं नाय, नारळानं ठरवलं." आणि गरम भाकर माझ्या हातात देऊन म्हणाली, "घे, खा. शेठला सांग, भोंगा नादुरुस्त झाला."

भाकर खाल्ली. वर सुकट मागितली. गेलो होतो गावाचा वकील होऊन, आलो जेवून. शेठला म्हटलं, "प्रयत्न चालू हाय." शेठनं माझ्या ओठावरचं सुकटीचं डोकं बघितलं.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून कानशिलं तापतात. बाहेरून काय बदललं नव्हतं. भात झोडलं जात होतं, कुसळं नाकात जाऊन शिंका येत होत्या. पण यमुना टोपली घेऊन निघाली की नळावरच्या बाया एकदम भांडी घासायला लागायच्या. भांड्यांचा एवढा आवाज मी कधी ऐकला नाय. पिंकी 'मामी, काकी' म्हणत घरोघरी हळदीचं सांगायला गेली. सगळ्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "बघू गं." पोरगी घरी आली ती पाण्यानं पोट भरून, आणि कोपऱ्यात जाऊन रडली.

मंग धवलारणीचा निरोप आला. आमच्यात लग्नाची गाणी म्हणायला, विधी करायला धवलारीण लागते. गावातली म्हातारी धवलारीण म्हणाली, घसा बसलाय. जिचा घसा तीन-तीन दिवस लग्नं गाऊन बसला नव्हता, तो यमुनाच्या दारात बसला. गावातला मांडववाला म्हणाला, बांबू दुसरीकडं गेलेत. त्याच्या अंगणात बांबू ढिगानं पडलेले मला दिसत होते, त्यातल्या एकावर तर तो बसूनच बोलत होता.

मी रिक्षा काढून पनवेलला गेलो. बाजाराच्या मागं रफिकभाईचं मांडव-खुर्च्यांचं दुकान. त्यांना सगळं सांगितलं, जरा घाबरत, कारण त्यांना पण आमच्या गावची ऑर्डर असते. रफिकभाई म्हणाले, "चांगाभाई, खुर्चीला मत नसतं. ज्याला टेकायचंय तो टेकेल. घेऊन जा." खुर्च्या मिळाल्या. पण टेकणार कोण, ते रफिकभाईच्या दुकानात मिळत नाय.

आणि खरी अडचण खुर्च्यांची नव्हतीच. यमुना विधवा. आमच्या रीतीनं तिनं स्वतःच्या पोरीला हळद लावायची नाय. पाच सवाष्णी लागतात. एक माझी बायको, ती पण मला म्हणाली, "मी येईन, पण मागच्या दारानं." बाकीच्या चौघी कुठून आणायच्या? आणि हळदीला गाव आलं नाय हे उरणकडं कळलं, तर ते विचारणारच, पोरीत खोट हाय का घराण्यात? न्हावा शेव्याचा पोरगा चांगला होता, पण त्याच्या मागं पण गाव होतं, त्याची पण गावकी होती. त्याच्या बापाचा फोन एकदा येऊन गेला होता. "काय ऐकतोय आमी?" मी म्हटलं, "इलेक्शनचा आवाज हाय व्याही, नीट ऐकू येत नाय." आणि फोन ठेवून घाम पुसला.

मतदानाच्या दिवशी रांग लागली. शाळेची तीच भिंत, जिला मी चुना मारला होता. चुन्याच्या रेघेबाहेर गावकीची माणसं बाकावर बसली होती, प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत. यमुना बाजारातून थेट आली होती, टोपलीत उरलेली मेथी. रांगेत तिच्या पुढं आणि मागं एक-एक माणसाची जागा मोकळी राहिली, जसा काय तिला कसला रोग झालाय. ती आत गेली. मला वाटतं तिला आत जेवढा वेळ लागला तेवढा कुणालाच लागला नाय. बाहेर आली, कुणाकडं बघितलं नाय, टोपली डोक्यावर घेतली. बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मेथीची जुडी कुणाला दिली गं?" ती म्हणाली, "ज्याला पाहिजे त्यानं विकत घ्यावी. फुकट दिली नाय," आणि चालायला लागली.

जावई पडला.

थोडक्यात पडला, आणि त्यामुळंच जास्त लागलं. मोठ्यानं पडला असता तर माणसं इमारतींना शिव्या देऊन मोकळी झाली असती. निकालात आमच्या शाळेतल्या पेटीची मतं वेगळी कळतात. आमच्या पेटीत दुसऱ्या उमेदवाराला मतं निघाली. एक नाय, ओंजळभर. आता सांगा, हात न ठेवणारी बाई एक. मंग बाकीची ओंजळ कुणाची? ज्यांनी ज्यांनी गुलाल लावून घेतला त्यांच्यातलीच ना? एवढा हिशोब मला पण येतो. पण त्या संध्याकाळी गावात तो हिशोब कुणालाच येत नव्हता. सगळं गाव एकदम माझ्याएवढं शिकलेलं झालं होतं. प्रत्येक ओट्यावर एकच नाव. "यमुनानं घात केला." जे जास्त मोठ्यानं बोलत होते त्यांच्या बोटांकडं मी बघायचो, आणि मंग मान खाली घालायचो. शेठच्या ओट्यापुढून जाताना मी रिक्षाचं इंजिन बंद करून ढकलत नेली, आवाज नको म्हणून. आयुष्यभर आवाजावर जगलेला माणूस.

हळदीचा दिवस उजाडला. मांडव घातला, आंब्याचे डहाळे बांधले, खुर्च्या मांडल्या. यमुनानं अंगण स्वतः सारवलं होतं. दुपार कलली. खुर्च्या रिकाम्या. रिकाम्या खुर्च्यांना एक वास असतो, तो मला त्या दिवशी कळला. प्लॅस्टिक तापतं आणि कुणाच्या अंगाचा वास त्याला लागलेला नसतो. पिंकी आत पिवळी साडी नेसून पाटावर बसलेली. माझी बायको मागच्या दारानं आली होती आणि आता मात्र पुढच्या दारात उभी राहिली होती, काय झालं तिला कुणास ठाऊक. मला म्हणाली, "बघता काय? जावा, आणा कुणाला तरी." मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि थांबलो. कुणाला आणू? ज्या तोंडानं अख्खा मतदारसंघ पालथा घातला त्याला चार बाया मिळेनात.

यमुना चुलीजवळ होती. रडत नव्हती. म्हणाली, "दादा, पाच नाय तर नाय. वहिनी एकटी लावेल. देवाला मोजायला वेळ नसतो." पण पेटलेल्या चुलीत ती फुंकर घालत राहिली. आणि मला वाटलं, आता ही म्हणेल की चुकले मी. म्हणाली नाय.

तेवढ्यात गाडी थांबली. सुगंधा उतरली. पडलेल्या उमेदवाराची बायको, काशिनाथशेठची पोरगी. एकटीच. मी आधी आत पळालो. खरंच पळालो, मोरीपर्यंत. मला वाटलं, भांडायला आली.

ती सरळ मांडवात आली, चप्पल काढली, पदर खोचला आणि विचारलं, "हळद कुठं हाय?"

रस्त्यापलीकडं बाया दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. शेठनं घरातून हाक मारली, "सुगंधा, घरी ये आधी." ती जागची हलली नाय. मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बाबा, इलेक्शन माझ्या घरात हरलंय. यांच्या घरात लग्न हाय." आणि मंग त्या बायांकडं वळून, "ज्यांनी नारळावर हात ठेवून माझ्या नवऱ्याला पाडलं, त्यांच्याकडं मी निकालानंतर चहा पिऊन आले. कोण कोण ते मला माहीत नाय, म्हणून सगळ्यांकडंच प्याले. जिनं हात ठेवला नाय, तिच्याकडं यायला मला कसली लाज?"

तिला अडवणार कोण? गावाची लेक माहेरी आलीय, तिला वाळीत टाकायची रीत आमच्या बापजाद्यांनी पण काढली नव्हती.

सुगंधानं पिंकीच्या गालाला पहिली हळद लावली. माझ्या बायकोनं दुसरी. मंग समोरच्या घरातली एक बाई आली, हात ओले होते, पदराला पुसत. मंग अजून एक. पाच झाल्या, सहा झाल्या, मंग मोजायचं राहिलं. आणि धवलारीण म्हातारी काठी टेकत आली, मांडवात बसली, घसा खाकरला आणि म्हणाली, "आता बरा वाटतोय." आणि तिनं सूर लावला. तो बसलेला घसा असा उघडला की पलीकडची कुत्री उठून उभी राहिली.

हळद चालू असताना मी दाराआड होतो. ऐकायचं नव्हतं, पण मला ऐकायला येतं, ही पण माझी खोड. आत चुलीपाशी यमुनानं सुगंधाचा हात धरला होता. म्हणत होती, "तू आलीस. तुला एकटीला सांगते, मी कुणाला..."

सुगंधानं तिच्या तोंडावर हात ठेवला. हळदीचाच हात, यमुनाचे ओठ पिवळे झाले. "नको सांगू. तुझं एकटीचं म्हणून तेवढंच हाय तुझ्याकडं. ते पण मला देऊन टाकशील?"

विधवा बाईला हळद लागली होती. दोघींच्या लक्षात आलं, दोघी थबकल्या. मंग यमुनानं पदरानं ओठ पुसले, पण सावकाश, आणि सगळे नाय.

माणसं जेवायला बसली. आणि मटण कमी पडलं. कारण मी, तिचा सख्खा भाऊ, पोरीचा मामा, गाव येणार नाय म्हणून खाटकाला अर्धंच सांगून आलो होतो. यमुना पातेल्यात पळी खरवडत माझ्याकडं बघून म्हणाली, "दादा, शेठनं निदान 'बघू' तरी म्हटलं होतं. तू तर बघितलं पण नाय." मी रिक्षा काढली आणि पनवेलला पळालो. रस्ताभर रडत होतो का हसत होतो ते आरशात नीट दिसलं नाय, आरसा फुटका होता.

काशिनाथशेठ त्या दिवशी आला नाय. अजून यमुनाच्या घरचं पाणी पीत नाय, पण लग्नानंतर पिंकी पाया पडायला गेली तवा तिच्या हातात साडी ठेवली. माणूस असाच असतो, एका हातानं बंद, दुसऱ्या हातानं उघडा.

आता पिंकीचा पोरगा शाळेत जातो, तिकडं, दुसऱ्या आमदाराच्या हद्दीत. आमच्या डोक्यावरून विमानं जातात, त्यांच्या आवाजात भोंगा पण ऐकू येत नाय. शेतं राहिली नायत फारशी, वास येतो तो डांबराचा आणि सिमेंटचा. गावात नारळ ठेवायची बैठक अलीकडं होत नाय. पण तसं नव्या इमारतीत पण काय वेगळं हाय? माझा एक गिऱ्हाईक रिक्षात सांगत होता, त्यांच्या सोसायटीची कमिटी बसली, पेव्हर ब्लॉक कोण लावून देतो ते बघून ठरवलं, आणि सगळ्यांना मोबाईलवर कळवलं. मी म्हटलं, "नारळ फोडता का?" तो म्हणाला, "नाय हो, आमी शिकलेले." मी गिअर बदलला. शिकलेल्या माणसाशी वाद घालायला मला आधी चुना मारावा लागतो.

तो गोळा अजून येतो पोटात. इलेक्शन आलं की मला त्या रिकाम्या खुर्च्या दिसतात, तापलेल्या. वाटतं, परत कुणीतरी उठून 'बघू' म्हणेल. माझी बहीण परत रांगेत एकटी उभी राहील, पुढं-मागं जागा सोडून. आणि मी परत बोटांकडं बघत बसेन. म्हणून फेस गिळला.

या वेळचा उमेदवार काल आला. तरणा पोरगा, पांढरे कपडे, मागं पोरांचा लोंढा. मला वाटलं, भोंग्याला भेटायला येतोय, जुना प्रचारवाला म्हणून. मी खुर्चीवरून उठलो, सदऱ्याची बटणं लावली, बायकोला चहाचं आधण ठेवायला सांगितलं. तो अंगणात आला, वाकून पाया पडला. म्हणाला, "काका, यमुनामावशी कुठं राहतात? सगळे म्हणतात, त्यांचं मत कुणाला जातं ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाय. म्हटलं, पहिलं तिथंच जावं."

"आणि माझं?" मी विचारलं.

तो गडबडला. मागचा एक पोरगा हळूच म्हणाला, "काकांचं काय, ते ठरलेलंच असतं."

मी समोरच्या ओट्याकडं बोट केलं. यमुना तिथं मेथी निवडत बसली होती. तिनं त्याला बघितलं, उठली नाय. बाजूची जुडी सरकवून बसायला जागा केली.